कबुतरखान्याचा शहाता

तिकिटावरचे आकडे शहाताला वाचता येत होते, पण अडतीस वर्षांत त्याने ते कधी मनावर घेतले नाहीत. अलेक्झांड्रियाच्या पालिका सभागृहातल्या सगळ्यात वरच्या गॅलरीच्या दाराशी तो उभा असे. ब्याण्णव पायऱ्या चढून धापा टाकत आलेल्या माणसाच्या हातातून तो तिकीट घेई, फाडी, आणि आकड्याकडे न बघता माणसाकडे बघे. मग बोट दाखवी. "तिसरी ओळ, मधोमध." किंवा, "तू खांबाकडे जा बाबा, तुझा खोकला अजून गेलेला नाही."

एखादा नवखा हुज्जत घाली, "पण माझा नंबर सतरा आहे!"

"सतरा नंबर खुर्चीचा आहे, तुझा नाही. तू तिकडे बस," शहाता शांतपणे म्हणे, आणि माणूस गुमान जाऊन बसे. आवाज चढवण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. मुळात त्याच्या अंगापेरात चढवण्यासारखं काही नव्हतंच. सुकलेल्या बोंबलासारखा बारीक माणूस, पालिकेने दिलेला गणवेशाचा कोट खांद्यावरून ओघळलेला. आधीची तीन मुलं गेली म्हणून आईने दृष्ट लागू नये यासाठी नाव ठेवलं शहाता, म्हणजे भीक. मागून आणलेलं पोर कोण कशाला नेईल, असा त्या माउलीचा हिशेब. तो बरोबर ठरला, पोर जगलं.

त्या गॅलरीला सगळं शहर कबुतरखाना म्हणे. खाली महागड्या बॉक्समध्ये बसणाऱ्यांनी ते नाव हिणवण्यासाठी दिलं होतं, पण ज्या शहरात दर दुसऱ्या गच्चीवर कबुतरं पाळतात तिथे त्याचा अपमान कोणाला वाटणार? वरचे लोक ते नाव मिरवत. कोण असत हे लोक? अनफुशीच्या मासळीबाजारातले अडते, शिंपी, गोदीतले हमाल, दवाखान्यातल्या नर्सबाया, मशिदीत पठण करणारे दोन आंधळे शेख. खिशाने फाटके आणि कानाने कोट्यधीश. तानसेन गल्लोगल्ली निघतात हो, कानसेन घडायला पिढ्या लागतात, आणि या शहरातले सगळे कानसेन ब्याण्णव पायऱ्यांवर राहत होते.

गाणं ऐकायला जाणं म्हणजे हाताची घडी घालून बसणं नव्हे, हे तिथे सांगावं लागत नाही. गाणारी एक ओळ म्हणते. ती जागेवर पोचली की वरून कोणाच्या तरी छातीतून "अल्लाह!" निघतो, पाठोपाठ शेकडो जणांचा सुस्कारा. गाणारी तो सुस्कारा झेलते आणि तीच ओळ पुन्हा घेते, वेगळ्या वळणाने. आपल्याकडचा वन्समोअर म्हणजे पुन्हा तेच म्हणा. तिथला वन्समोअर म्हणजे पुन्हा म्हणा, पण तेच नको. अशी एक ओळ अर्धा-अर्धा तास चाले. वरच्यांनी दाद दिली नाही तर गाणं पुढेच सरकत नसे.

आणि ती दाद खाली नेमकी पोचावी म्हणून शहाताची ती बसवाबसवी. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. नोकरीला लागला त्या वर्षी एका दुपारी तो तिसऱ्या ओळीच्या मधोमध झाडू मारत होता. धूळ नाकात गेली, तो शिंकला. खाली रंगमंचावर एक वादक एकटाच ऊद नावाचं तंतुवाद्य जुळवत बसला होता. त्याने मान वर न करता, शेजारी बसून शिंकलेल्या माणसाला म्हणावं तसं म्हटलं, "अल्लाहची दया असो तुझ्यावर." शहाता चपापला. दोन पावलं सरकून त्याने मुद्दाम पुन्हा शिंकून पाहिलं. खाली काही नाही. परत मधोमध आला, शिंकला. "अरे, औषध घे काहीतरी!" वादक म्हणाला.

घुमट कुठल्या कारागिराने कसा वळवला होता कोण जाणे, पण त्या पाच-सहा जागांवरून निघालेला आवाज सरळ गाणाऱ्याच्या पायाशी जाऊन पडे. त्या दिवसापासून शहाताने त्या जागा अस्सल कानांसाठी राखल्या. उतावळे, जे ओळ संपायच्या आत ओरडतात, ते मागे. खोकणारे खांबाशी. गाण्यावर प्रेम आहे पण कळत काही नाही, असे दोन जाणकारांच्या मध्ये, म्हणजे वर्षभरात शिकून निघतात. हे पालिकेच्या कुठल्या कागदावर नव्हतं. शहाता स्वतः मात्र दाराशी उभाच राही, आणि अडतीस वर्षांत त्याच्या तोंडातून एकही दाद निघाली नव्हती. ड्युटीवरच्या माणसाने आवाज करायचा नाही, असं त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. शहाता सांगितलेलं विसरणाऱ्यातला नव्हता.

समुद्राची खारी हवा लोखंड खाते, तिथे छताची काय कथा? त्या अडतिसांतल्या शेवटच्या वर्षी ऐन गाण्यात गिलाव्याचा एक पोपडा डफवाल्याच्या मांडीवर पडला. त्याने ठेका सोडला नाही हे त्याचं मोठेपण, पण सभागृह बंद झालं. दुरुस्तीचा खर्च पालिकेच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून वर्षभराने भागीदारीचा तोडगा निघाला. इमारत पालिकेची, पैसा एका खाजगी कंपनीचा. कंपनीने ती नव्याने उभी करायची, तीस वर्षं चालवायची, मग पालिकेला परत द्यायची.

"हंडी पालिकेची, चूल कंपनीची," मासळीबाजारातला बशंदी कॉफीच्या दुकानात म्हणाला, "आणि जेवायला कोण बसणार ते सांग."

"आपण भांडी घासायला आहोतच," कोणीतरी म्हणालं, आणि दुकान हसलं.

शहाता हसला नाही. किल्ल्या कुठल्या कुलपाच्या आणि पाइप कुठल्या भिंतीतून जातो हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून कंपनीने त्याला ठेवून घेतलं होतं. त्यामुळे तो रोज आतलं बघत होता. खरं सांगायचं तर काम वाईट चाललेलं नव्हतं. घुमट खालून पोलादाने सावरला, वायरी बदलल्या, बायकांसाठी कधी नव्हती ती स्वच्छतागृहं झाली. कारागीर मन लावून काम करत. कंपनीचा व्यवस्थापक वगदी हाही दुष्ट माणूस नव्हता. अत्तर जरा जास्त लावी, एवढंच. पण एके दिवशी पाहुण्यांना घेऊन तो वर आला आणि गॅलरीच्या मागच्या खिडक्या उघडून म्हणाला, "बघा! अख्खा समुद्र! इथे पुढून काच लावायची आणि आत रेस्टॉरंट. टेबलावर मासे, खाली गाणं."

पाहुणे गेल्यावर शहाताने विचारलं, "आणि इथली माणसं कुठे बसतील, उस्ताद वगदी?"

"अजून ठरलेलं नाही, अम शहाता." तिथे साहेबाला 'उस्ताद' आणि वडीलधाऱ्या माणसाला 'अम' म्हणजे काका म्हणतात, आणि वगदी रीत सोडणारा नव्हता. "करारात लिहिलंय. सभागृहाच्या आवाजासाठी ही गॅलरी लागते असं तज्ज्ञाने लिहून दिलं तर ती राहील, पालिकेच्या जुन्या दरातच राहील. लागत नसेल तर कंपनी वापरेल. पुढच्या महिन्यात चाचणीची मैफल आहे, कैरोहून इंजिनियर येतेय." मग तो आपुलकीनेच म्हणाला, "पण तुमचे लोक ओरडतात हो फार. बॉक्स घेणारी माणसं ओरडा ऐकायला येत नाहीत. तिच्या यंत्रात तो गोंगाट गेला, तर मग मी काही करू शकणार नाही."

एवढं एकच वाक्य शहाताच्या डोक्यात रुतून बसलं.

इंजिनियर आली. शाहिनाज तिचं नाव, पण इंजिनियरला तिथे नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, बाशमुहंदिसा म्हणतात. पस्तिशीची, पायात धुळीने माखलेले बूट, बरोबर यंत्रांच्या चार पेट्या. ती पायऱ्या दिवसातून सहा वेळा चढे. रिकाम्या सभागृहात फुगे फोडून ती आवाज मोजत होती. शहाताला तिचं कौतुक वाटलं. आयुष्यभर त्याने जे शिंकून केलं ते ती फुग्याने करत होती. तिसऱ्या ओळीची गोष्ट त्याच्या ओठांवर आली होती, पण शिंकेवर कोण विश्वास ठेवणार?

"अम शहाता, इथे कसली माणसं बसायची?" तिने विचारलं.

"सभ्य माणसं, बाशमुहंदिसा. एकदम शांत. टाचणी पडली तर ऐकू येईल."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. शहाताने आयुष्यात फार थोड्या थापा मारल्या होत्या, आणि ही मारताना त्याचे कान लाल झाले.

मग तो एकेकाकडे गेला. शिंप्याकडे, नर्सबायांकडे, दोन्ही शेखांकडे. शेवटी पहाटेच्या लिलावात बशंदीला गाठलं. बशंदीचा गळा म्हणजे गळा नव्हे. तो अनफुशीत भाव पुकारी तेव्हा होडीतल्यांना ऐकू जाई. तिसऱ्या ओळीचा राजा तो. पहिला "अल्लाह!" बहुतेक त्याचाच असे, आणि कधी चुकीच्या जागी पडत नसे.

"एक दिवस," शहाता म्हणाला, "फक्त एक दिवस तोंड बंद ठेवायचं. आपण सभ्य आहोत हे त्यांना दिसू दे."

"माशाला सांग पोहू नकोस म्हणून."

"बशंदी, गॅलरी जाईल रे."

बशंदीने हातातला बोरी मासा टोपलीत टाकला, हात पुसले आणि कधी नव्हे तो हळू आवाजात म्हणाला, "बरं. गाणं सुरू झालं की दातात रुमाल धरीन."

बायको हमीदा तेवढी पटणाऱ्यातली नव्हती. मुलुखियाच्या पालेभाजीची पानं चिरता चिरता ती म्हणाली, "कोंबड्याची चोच बांधून उजाडायची वाट बघणारा शहाणा तू! ज्या आवाजासाठी लोक तिथे जातात तोच बंद करणार, आणि वर म्हणणार गॅलरी वाचली."

"तुला यातलं काही कळत नाही."

"नसेल कळत. पण घरी पाहुणे आले म्हणून मी कधी चुलीतला विस्तव विझवला नाही."

शहाता उठून बाहेर गेला. बरोबर बोलणाऱ्या बायकोसमोर नवऱ्याने दुसरं काय करायचं?

चाचणीची मैफल शुक्रवारी, दुपारची नमाज आटोपून लोक जेवल्यावर ठेवली होती. तीनशे माणसं ब्याण्णव पायऱ्या चढून आली. सगळे न्हालेले, इस्त्रीचे पायघोळ जलाबिये घातलेले. एक शिंपी तर लग्नातला सूट घालून आला होता, आणि तो त्याला अजून होत होता याचं कौतुक करण्यात पाच मिनिटं गेली. शहाताने प्रत्येकाला त्याच्या त्याच्या जागी बसवलं. बशंदी मधोमध, रुमाल तयार. खाली बॉक्समध्ये कंपनीचे पाहुणे, पालिकेचे साहेब, आणि रंगमंचाच्या कडेला यंत्रांसमोर शाहिनाज.

गायला होती इहसान. सित्त इहसान म्हणत तिला, बाईसाहेब म्हणावं तसं. साठी ओलांडलेली, गोल बांध्याची. गाण्याआधी ती बडीशेपेचा गरम काढा पिई आणि गाणं अंगात भिनलं की उभ्या उभ्या पायातले बूट काढून ठेवी. कबुतरखाना त्या बुटांवर डोळा ठेवून असे. बूट निघाले की समजायचं, आता दोन तास घरी जायला नको.

तिने पहिलीच ओळ धरली, "उशीर झाला म्हणू नकोस, मी वाटेतच होते." ओळ लोण्यात सुरी जावी तशी वर आली. तीनशे माणसांनी गुडघ्यांवर हात घट्ट दाबले. बशंदीने रुमाल चावला. कोणी हूं की चूं केलं नाही.

इहसानने क्षणभर वाट पाहिली. पुन्हा तीच ओळ घेतली, जरा खालून. वर शांतता. शहाताची छाती अभिमानाने फुगली. बघा म्हणावं, आमची माणसं! आता तिने मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. अंधारात हात फिरवून दिव्याचं बटण शोधावं तशी तिची नजर त्या ओळींवरून फिरली. मग ती पुढच्या कडव्याला गेली, तिथून पुढच्या, आणि जे गाणं ती सव्वा तास गात असे ते अकरा मिनिटांत संपवून, पायातल्या बुटांसकट, आत निघून गेली.

बॉक्समधून छान, मोजक्या टाळ्या आल्या. मध्यंतर झालं. शहाता खाली आला तेव्हा वगदीने त्याचा हात हातात घेतला. "शाब्बास, अम शहाता! असे शिस्तीचे लोक मी कैरोतसुद्धा पाहिले नाहीत!"

पण शाहिनाज यंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "विचित्र आहे. वरून खाली काहीच येत नाही. गॅलरी असली काय, नसली काय, या सभागृहाला फरक पडत नाही." आणि वगदीकडे बघून, "काच लावता येईल तुम्हाला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गॅलरी दुसऱ्या कोणी नाही, त्याने स्वतः, घरोघर हिंडून, विनवण्या करून बुडवली होती.

तो तसाच इहसानच्या खोलीपाशी गेला. दार उघडंच होतं. काढ्याचा पेला न पिता निवत होता आणि ती आरशाकडे पाठ करून बसली होती.

"ये, शहाता. तूच ये," ती म्हणाली. "सांत्वनाला ना? मी संपले रे. बत्तीस वर्षं गातेय या घुमटाखाली. आज वर कोणी श्वाससुद्धा घेतला नाही. इतकी वाईट गायले?"

"सित्त, तुम्ही नाही... मीच."

"काय मीच?"

"मीच सांगितलं होतं त्यांना. आवाज करू नका म्हणून. सगळ्यांना. घरी जाऊन."

इहसान जी उठली ती काढ्याचा पेला हातात घेऊनच. "गाढवा! अरे अडतीस वर्षं त्या दारात उभा राहून तू हे शिकलास? मला जिवंत पुरलंस आणि आता सांगायला येतोस! मी तिथे मरत होते, आणि तो बशंदी, तो ढोल, तोंडात बोळा घालून बसला होता!" आणि एकदम तिला हसू फुटलं, रडू यावं तसं. ती डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलं, गळा गेला. खरंच वाटलं." मग त्याला दाराकडे ढकललं. "जा. वर जा. उघड त्यांची तोंडं. मी रंगमंचावर निघतेय."

शहाता धावला. पण वर नाही, आधी यंत्रांकडे. खोटं जिथे बोललो तिथे आधी ते फेडायला हवं, एवढी अक्कल त्याला त्या घाईतही होती.

"बाशमुहंदिसा, मी तुमच्याशी खोटं बोललो. माणसं शांत नसतात. ती ओरडतात. मी गप्प बसवली. आणि ती बसतात तिथून आवाज थेट गाणाऱ्याच्या पायाशी येतो. सगळीकडून नाही, तिसऱ्या ओळीच्या मधून. मी... मी शिंकलो होतो तिथे."

"काय केलंत?"

त्याने शिंकेची गोष्ट सांगितली. दोन वाक्यांत, मान खाली घालून. शाहिनाज हसली नाही. वायर गुंडाळता गुंडाळता थांबली. फुगे तिने गॅलरीत डाव्या आणि उजव्या टोकाला फोडले होते, मधोमध नाही. तिने पेटीतून एक मायक्रोफोन काढला, रंगमंचावर गेली आणि इहसान जिथे उभी राहते तिथे तो जमिनीवर ठेवला. "जा, अम शहाता," ती म्हणाली.

ब्याण्णव पायऱ्या. त्रेसष्ट वर्षांचा माणूस. चाळिसाव्या पायरीला वाद्यं सुरू झाली, सत्तराव्या पायरीला इहसानचा गळा. शहाता दारात पोचला तेव्हा त्याला शब्द फुटत नव्हता. आत तीनशे माणसं गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली, शहाण्या मुलांसारखी, त्याने सांगितल्याप्रमाणे. आता त्यांना सांगायचं कसं? गाणं चालू असताना एकेकाच्या कानाला लागायचं? तो लटपटत तिसऱ्या ओळीपाशी गेला आणि लोकांचे गुडघे ओलांडत मधोमध, बशंदीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

खाली इहसानने तीच ओळ धरली. "उशीर झाला म्हणू नकोस..." या वेळी ती 'नकोस'वर थांबली आणि सूर असा काही वळवला की शहाता धाप टाकायचं विसरला. "मी वाटेतच होते."

"अल्लाह!"

आवाज फाटका होता, चिरका होता, अडतीस वर्षं वापरात नसलेला होता. कोण ओरडलं म्हणून शहातानेच आधी आजूबाजूला पाहिलं. बशंदी तोंडात रुमाल धरून त्याच्याकडे डोळे फाडून बघत होता. मग त्याने रुमाल काढला, आणि पुढे जे झालं ते धरण फुटल्यासारखं झालं. तीनशे छात्या एकदम मोकळ्या झाल्या. सुटातला शिंपी खुर्चीवर उभा राहिला. आंधळ्या शेखांपैकी एक रडत म्हणत होता, "पुन्हा, माझे आई, पुन्हा!"

खाली इहसानने डोळे मिटले आणि पायातले बूट काढले. ती ओळ तिने त्या दिवशी नऊ वेळा म्हटली, नऊ तऱ्हांनी. बॉक्समधले पालिकेचे साहेब पाचव्या खेपेला स्वतः ओरडले आणि मग चोरट्यासारखे इकडेतिकडे बघू लागले. वगदी पहिल्यांदा कपाळाला हात लावून बसला होता. सातव्या खेपेला तो हात तसाच होता, पण मान डोलत होती.

शाहिनाजचा अहवाल बराच मोठा होता म्हणतात. तो वाचणारे किती होते कोण जाणे, पण त्यातलं एक वाक्य शहरभर झालं. या सभागृहात गाणं दोन टोकांना घडतं, त्यातलं एक टोक वरची गॅलरी आहे, तिला काच लावली तर उरेल ते अर्धं. पालिकेने ते मान्य केलं. कंपनीचं रेस्टॉरंट बाजूच्या गच्चीवर गेलं, तिथूनही समुद्र दिसतोच. आणि वगदीने आपण होऊन एक गोष्ट केली, जी करारात नव्हती. कबुतरखान्यापर्यंत लिफ्ट बसवली. शहाताला तिचा संशय आला. पायऱ्या न चढता आलेला माणूस कसा ऐकणार, असं तो म्हणे. पण आंधळ्या शेखांनी पहिल्यांदा लिफ्टमधून वर येऊन कंपनीला दुवा दिला तेव्हा त्याने ते म्हणणं सोडून दिलं.

सभागृह उघडायला आणखी वर्ष लागलं. त्याच्या सहा महिने आधी शहाता निवृत्त झाला. पालिकेने त्याला एक घड्याळ दिलं, कंपनीने उद्घाटनाच्या मैफलीचं तिकीट.

त्या संध्याकाळी हमीदाने त्याचा कोट घासून पुसून दिला. गॅलरीच्या दाराशी निळ्या गणवेशातली एक बाई होती. हसतमुख, चटपटीत. लोक फोनवरचं तिकीट दाखवत, ती ते यंत्राने वाचे आणि नंबर सांगे. शहातानेही आपलं तिकीट पुढे केलं. "सहावी ओळ, शेवटची खुर्ची. त्या खांबाशी, आजोबा."

ज्या खांबाशी त्याने अडतीस वर्षं खोकणारे बसवले तिथे तो जाऊन बसला. नव्या खुर्च्या मऊ होत्या. त्याने समोर पाहिलं. सगळं चुकीचं होतं. उतावळे पुढे आले होते. दोन्ही शेखांची ताटातूट झाली होती. बशंदी पार डावीकडे भिंतीला लागला होता. आणि तिसऱ्या ओळीच्या मधोमध बाराही महिने खोकणारा एक चांभार बसला होता, खिशात लिंबाच्या गोळ्या घेऊन. शहाता अर्धवट उठला, आणि पुन्हा बसला. ते काम आता त्याचं नव्हतं. निळ्या गणवेशातली बाई तिचं काम चोख करत होती, तिला बोल लावण्याचं काही कारण नव्हतं. त्याने घड्याळाशी चाळा केला आणि स्वतःला सांगितलं की गॅलरी वाचली, तेवढं पुष्कळ आहे. तरी डोळे भरायचे ते भरलेच.

तेवढ्यात कोणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला. तो चांभार होता.

"ऊठ, अम शहाता. ही खोकणाऱ्याची जागा. माझी."

शहाताने मान वर केली. गॅलरी हलत होती. बशंदी भिंतीपासून उठून मध्ये चालला होता. एक नर्सबाई एका शेखाचा हात धरून त्याला दुसऱ्या शेखाशेजारी नेत होती. उतावळे आपण होऊन, एकमेकांना चिमटे काढत, मागे जात होते. निळ्या गणवेशातली बाई गोंधळून गेली. "अहो काका! अहो, नंबरप्रमाणे बसा ना!"

"नंबर खुर्चीचा आहे, मुली," बशंदी म्हणाला, "माझा नाही."

सगळे आपापल्या जागी बसले. कोणाला बोट दाखवावं लागलं नाही. फक्त तिसऱ्या ओळीच्या मधोमध, बशंदीच्या शेजारी, एक खुर्ची रिकामी ठेवली होती, आणि सगळी गॅलरी खांबाकडे वळून बघत होती. शहाता गुडघे ओलांडत तिथे गेला. नोकरीच्या अडतीस वर्षांत या गॅलरीत तो एकदाही बसला नव्हता, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.

खाली इहसान आली. तिने वर पाहिलं आणि सुरू करण्याआधीच बूट काढले. पहिली ओळ म्हटली. ओळ आली, पोचली. शहाता सवयीने वाट बघत राहिला, आता कोणीतरी म्हणेल. कोणी म्हटलं नाही. इहसान थांबली होती. तीनशे माणसं थांबली होती. बशंदीने त्याला कोपराने ढोसलं आणि अख्ख्या अनफुशीला ऐकू जाईल अशा हळू आवाजात विचारलं, "आता काय, तिकीट फाडून देऊ तुला?"

तेव्हा शहाताला कळलं, आणि त्याने तोंड उघडलं.